अंडरग्राउंड म्युझिक शूट करणाऱ्याने कॉमेडी घ्यावी का? पेनेलोपी स्फीरिसचं काय झालं ते नीट बघ

तुझा प्रश्न मला कळला तो असा. चार वर्षं तू नाशिक-पुण्याकडचे रॅप सायफर (पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात ते) आणि हार्डकोर, म्हणजे पंकचाच जास्त आक्रमक प्रकार वाजवणाऱ्या बँडच्या गिग स्वतःच्या खर्चाने शूट करतोयस, नव्वदेक तासांचं फुटेज पडून आहे, डॉक्युमेंटरी अजून झालेली नाही. आता तुला एका कॉमेडी वेब सिरीजचं डायरेक्शन विचारलंय, पैसे बरे आहेत, आणि तुझ्याच बँडवाल्या दोस्तांचं म्हणणं की हे घेतलंस तर तू विकला गेलास. त्यातल्या एकाने पेनेलोपी स्फीरिस या अमेरिकन डायरेक्टरचं नाव घेतलं, की बघ तिने पंक म्युझिकवर एवढी भारी डॉक्युमेंटरी केली आणि मग हॉलिवूडच्या कॉमेड्या करत बसली. तू विचारलंस, ताई, असं खरंच झालं का, आणि दोन्ही एकाच माणसाला जमतं का.

मी बावीस वर्षं एडिटिंग करतेय, बहुतेक सगळं काम डॉक्युमेंटरीचं, आणि मधली काही वर्षं घर चालवायला टीव्हीवरचे विनोदी एपिसोड कापले. स्फीरिसचे 'डिक्लाइन' नावाचे तिन्ही म्युझिक डॉक्युमेंटरी सिनेमे मी इतक्या वेळा पाहिलेत की कुठल्या कटनंतर कुठला चेहरा येतो ते पाठ झालंय. त्यामुळे तुझ्या मित्राने सांगितलेली गोष्ट ऐकली आणि मला राहवलं नाही, कारण त्याने क्रमच उलटा लावलाय.

ती आधी डॉक्युमेंटरी आणि नंतर कॉमेडी अशी गेलीच नाही. यूसीएलएमधून फिल्म शिकताना ती हॉटेलात वेट्रेसचं काम करून फी भरत होती, आणि १९७४ मध्ये तिने लॉस एंजेलिसमध्ये रॉक अँड रील नावाची कंपनी काढली, बँडचे छोटे प्रमोशनल फिल्म करायची, म्हणजे ज्याला आपण आज म्युझिक व्हिडिओ म्हणतो ते, एमटीव्ही सुरू व्हायच्या सात वर्षं आधी. तिथून टीव्ही प्रोड्यूसर लोर्न मायकल्सने तिला अल्बर्ट ब्रूक्स या कॉमेडियनबरोबर जोडून दिलं. मायकल्सच्या 'सॅटरडे नाईट लाईव्ह' या विनोदी टीव्ही शोच्या पहिल्या सीझनसाठी, १९७५-७६ मध्ये, ब्रूक्स जे छोटे विनोदी सिनेमे करायचा ते प्रोड्यूस करणारी ही बाई. मग १९७९ मध्ये ब्रूक्सचा 'रिअल लाईफ' आला, एका साध्या कुटुंबाच्या घरात वर्षभर कॅमेरा घेऊन घुसणाऱ्या डॉक्युमेंटरीवाल्याची कॉमेडी, त्याचीही प्रोड्यूसर तीच. आणि त्याच १९७९ च्या डिसेंबरमध्ये तिने पंक बँड शूट करायला सुरुवात केली. म्हणजे डॉक्युमेंटरी करणारा माणूस कुठे कुठे खोटा होऊ शकतो यावरचा आख्खा विनोदी सिनेमा तिच्या हातून आधी गेला होता, आणि मग ती खऱ्या पोरांसमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. तिला कॉमेडी बाहेरून येऊन चिकटली नाही, ती आधीपासून तिच्या कामातच होती.

त्याच्याही मागे जायचं तर तिचं लहानपण. १९४५ चा जन्म, न्यू ऑर्लिन्सचा. वडील ग्रीसहून आलेले, त्यांचा स्वतःचा फिरता कार्निव्हल होता, म्हणजे आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत पाळणे आणि मौत का कुआँ घेऊन फिरतात तसा प्रकार, आई तिकिटं फाडायची. ती सात वर्षांची असताना अलाबामात वडिलांना गोळी घालून मारलं, एका काळ्या माणसाची बाजू घेऊन ते भांडणात पडले होते म्हणून, आणि मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही. मग आई पोरांना घेऊन कॅलिफोर्नियात, ट्रेलर पार्कमध्ये, एकामागून एक सावत्र बाप. पुढे १९७४ मध्ये तिच्या मुलीचा बाप हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. हे सगळं मी हळहळायला सांगत नाहीये. पण घरातून हाकललेली किंवा पळालेली, अंगावर कुलपं-साखळ्या घालून फिरणारी पोरं समोर आली तेव्हा ती घाबरली नाही किंवा भारावलीही नाही, त्यांना ती आधीपासून ओळखत होती, आणि हे तुला तिच्या प्रश्न विचारण्याच्या आवाजात ऐकू येतं.

आता पहिला 'डिक्लाइन', पूर्ण नाव 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन'. शूटिंग डिसेंबर १९७९ ते मे १९८०, १६ मिलिमीटरवर. त्यात ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, सर्कल जर्क्स, फिअर, ॲलिस बॅग बँड, कॅथलिक डिसिप्लिन. तुझ्यासारख्याने हा सिनेमा हातात वही घेऊन बघायला हवा. सुरुवातच बघ. शूट करण्याआधी हॉलमध्ये जमलेल्यांना एक कायदेशीर सूचना द्यावी लागते, की इथे शूटिंग चालू आहे, तुम्ही आत आलात म्हणजे सिनेमात दिसायला तुमची संमती आहे. आपण ती दारावर कागद चिकटवून मोकळे होतो. तिने काय केलं, ती सूचना बँडवाल्यांनाच माईकवर वाचायला लावली, आणि प्रत्येक जण ती आपापल्या तऱ्हेने वाचतो, कोणी अडखळतो, कोणी चिडवतो, कोणी पब्लिकला शिव्या घालत वाचतो. तीच तिच्या सिनेमाची ओपनिंग. संमती पण मिळाली, कॅरेक्टरची ओळख पण झाली, आणि लोक हसले पण. एका कंटाळवाण्या कागदातून तीन कामं काढणं ज्याला सुचतं ना, त्याला कॉमेडी शिकवायला लागत नाही.

दुसरं, गाण्याचे शब्द तिने पडद्यावर सबटायटलसारखे दिले. त्या वेळी सगळे म्हणायचे की ही नुसती आरडाओरड आहे. शब्द वाचायला लागलास की कळतं, पोरं काहीतरी बोलतायत, काही ठिकाणी हुशारीने, काही ठिकाणी अगदी बालिश. तुझ्या रॅपवाल्यांचे शब्द वेगात निसटतात, तर तू पण हे कर, मराठी सबटायटल मराठीवरच टाकायला लाजू नकोस.

तिसरं, फॅन पोरांच्या मुलाखती. गिग सगळ्या रंगीत, आणि मुलाखती ब्लॅक अँड व्हाईट, एक उघडा बल्ब लटकतोय, मागे काही नाही. ती कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारते, साधे. तू मारामारी का करतोस. तुला काय आवडतं. आणि उत्तर संपलं तरी कट करत नाही. पोरगा बोलून थांबतो, खाली बघतो, मग अजून एक वाक्य टाकतो, आणि ते दुसरं वाक्य खरं असतं. मी नवीन मुलांना शिकवताना नेहमी तमाशातल्या बतावणीचं उदाहरण देते. सोंगाड्या बोलून झाला की समोरचा लगेच बोलत नाही, हसू उठायला आणि विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबतो, अर्धा सेकंद कमी झाला तरी लोक हसायचे राहतात आणि अर्धा जास्त झाला तर जोर जातो. डॉक्युमेंटरीच्या मुलाखतीत अगदी हेच कसब लागतं, फक्त तिथे थांबल्यावर हसू येईल की रडू ते माहीत नसतं. ज्या एडिटरला एक येतं त्याला दुसरं येतं, असं मी माझ्या टेबलावर शेकडो वेळा पाहिलंय.

त्यातल्या दोन जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्लॅक फ्लॅगचा तेव्हाचा गायक एका जुन्या चर्चमध्ये राहतो, खोलीत पण नाही, कपाटाएवढ्या जागेत, आणि तो ती जागा कॅमेऱ्याला दाखवतो, भाडं महिना १६ डॉलर. तो हे सांगताना रडगाणं गात नाही, घर दाखवावं तसं दाखवतो, तीही त्याला बिचारा करत नाही. आणि दुसरी, जर्म्सचा गायक डार्बी क्रॅश. या बँडला क्लब उभं करत नव्हते इतकी तोडफोड व्हायची, म्हणून तिने स्टुडिओ भाड्याने घेऊन त्यांचा परफॉर्मन्स शूट केला. स्टेजवर तो धड उभा राहू शकत नाही, माईकमध्ये गायचं विसरतो. आणि मग ती त्याला स्वयंपाकघरात दाखवते, नाश्त्याला अंडी करताना, शेजारी मैत्रीण, गप्पा चालल्यात. एवढंच. ७ डिसेंबर १९८० ला तो गेला, बावीस वर्षांचा, सिनेमा रिलीज व्हायच्या आधी. पोस्टरवर डोळे मिटून स्टेजवर पडलेला त्याचाच फोटो आहे. ती अंडी करण्याची जागा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले होते, आता पाहवत नाही, आणि फ्रेम तर तीच आहे, बदललंय ते मला माहीत असलेलं.

१९८१ मध्ये सिनेमा आला तेव्हा हॉलिवूड बुलेवार्डवर एवढी पोरं जमली की पोलिसांची फौज आली, आणि लॉस एंजेलिसचे पोलिसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी पत्र लिहिलं की हा सिनेमा शहरात पुन्हा दाखवू नका. नाव झालं, भरपूर झालं. पोट नाही भरलं. हे तुझ्या मित्रांना सांग. २०१६ मध्ये हा सिनेमा अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, म्हणजे देशाने जपून ठेवायचा ठेवा, पण १९८१ मध्ये घरभाडं त्याने दिलं नाही.

मधली वर्षं पटकन. 'सबर्बिया' नावाचा फीचर केला, रॉजर कॉर्मनच्या पैशाने आणि उरलेले एका फर्निचरच्या दुकानदाराकडून, आणि त्यात नटांऐवजी खरी पंक पोरं घेतली, त्यातला एक म्हणजे रेड हॉट चिली पेपर्सचा बासवाला फ्ली. मग 'द बॉइज नेक्स्ट डोअर', 'ड्यूड्स' वगैरे. त्यातले सगळेच काही चांगले नाहीत.

१९८८ चा दुसरा 'डिक्लाइन', हेवी मेटलवाला, तो मात्र तुझ्या कामाचा आहे कारण तिथे कॉमेडी आणि डॉक्युमेंटरी एकमेकांत इतक्या मिसळल्यात की वाद घालावा लागतो. त्याआधी एक गोष्ट, मेटल बँडची टर उडवणारा 'धिस इज स्पायनल टॅप' तिला आधी विचारला होता, आणि तिने नाही म्हटलं, कारण तिला ते म्युझिक मनापासून आवडायचं, त्याची खिल्ली उडवायची नव्हती. रॉब रायनरने तो केला, तो गाजला. मग चार वर्षांनी तिने खऱ्या बँडवर सिनेमा केला आणि लोक त्यालाच हसले. लॉस एंजेलिसमधल्या क्लबांच्या रस्त्यावरची, सनसेट स्ट्रिपवरची नवी पोरं, केसांचे डोंगर, लिपस्टिक, आणि ती प्रत्येकाला विचारते, समजा नाही झालास स्टार तर? प्रत्येक जण म्हणतो, मी होणारच. ती पुन्हा विचारते. पुन्हा तेच. असे एकामागून एक दहा चेहरे लागले की थिएटर हसतं, आणि मग हळूहळू हसू बसतं, कारण आपल्याला कळतं की यातला बहुधा कोणीच होणार नाही आणि हे त्यालाही आतून माहीत आहे. तिने टोमणा मारला नाही, नुसतं लावत गेली. ही एडिटिंगची ताकद आहे.

त्याच सिनेमात वास्प या मेटल बँडचा गिटारवाला ख्रिस होम्स रात्री स्विमिंग पूलमध्ये तरंगत्या खुर्चीवर बसून व्होडका पितोय, अंगावर ओततोय, आणि काठावर त्याची आई गप्प बसलीये. मला विचारशील तर संपूर्ण रॉक डॉक्युमेंटरीत याच्याइतका जड शॉट क्वचितच असेल, आणि तो शॉट चालतो आईमुळे, कारण तिचा चेहरा तिथे नसता तर तो नुसता एक दारुडा झाला असता. रिॲक्शन शॉट म्हणजे कॉमेडीचा प्राण असं आपण म्हणतो ना, तोच इथे उलटा लागलाय.

आणि मग मेटलचा नामांकित गायक ऑझी ऑस्बॉर्न. ड्रेसिंग गाउन घालून नाश्त्याला अंडी करतोय, ज्यूस ओततोय आणि ग्लासाबाहेर सांडतोय, हात थरथरतोय. डार्बीच्या अंड्यांची आठवण व्हावी म्हणून तिने तो नाश्ता मुद्दाम ठेवला असं मला वाटतं. पण तो ज्यूस सांडण्याचा प्रकार बनवलेला होता, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं. यावर माझं मत स्पष्ट आहे, ते करायला नको होतं. ऑझी गमतीत सहभागी असेल, त्याचं काही वाकडं झालं नसेल, पण बघणाऱ्याने ती थरथर खरी धरली, वर्षानुवर्षं धरली. ज्या बाईने पहिल्या सिनेमात सूचनेच्या कागदातून खरं काहीतरी काढलं तिला ज्यूसची गरज नव्हती. तुझ्या फुटेजमध्ये तुला असा मोह होईल, एखाद्या पोराला म्हणशील जरा परत ये ना दारातून, जरा रागाने ये. दारातून परत ये म्हणायला हरकत नाही. रागाने ये म्हणू नकोस. मी माझी रेघ तिथे मारलीये.

आता 'वेन्स वर्ल्ड', १९९२, ज्याच्यामुळे तुझा मित्र तिला विकली गेली म्हणतो. लोर्न मायकल्स, म्हणजे सतरा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी ती छोटे विनोदी सिनेमे प्रोड्यूस करायची तोच माणूस, त्याच्या शोमधल्या एका स्किटवर सिनेमा करतोय, माइक मायर्स आणि डाना कार्व्ही, इलिनॉयमधल्या ऑरोरा गावात घराच्या तळघरातून केबलवर फुकटचा शो करणारी दोन मेटलवेडी पोरं. आता सांग, अख्ख्या हॉलिवूडमध्ये त्या पोरांना तिच्याइतकं कोण ओळखत होतं? तिने दहा वर्षं त्यांच्याच घरात, बाथरूममध्ये, पार्किंगमध्ये कॅमेरा धरला होता. ४६ वर्षांची बाई, पहिला मोठा स्टुडिओ सिनेमा, ३४ दिवसांचं शूट, खर्च साधारण १ कोटी ४० लाख डॉलर, आणि जगभरात धंदा १८ कोटी डॉलरच्या वर.

त्यातला गाडीत क्वीन बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' गाणं लागतं तो सीन तू पाहिलाच असशील. ते गाणं पाहिजेच हा हट्ट मायर्सचा, स्टुडिओला त्या वेळी चालणारा दुसरा बँड हवा होता. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी नोव्हेंबर १९९१ मध्ये गेलेला, सिनेमा फेब्रुवारीत आला, आणि १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या नंबरपर्यंत पोचलेलं गाणं आता दुसऱ्या नंबरवर गेलं. पण मला दाखवायचंय ते गाण्यापलीकडचं. ती पाच पोरं गाडीत आधी गुणगुणतात, प्रत्येक जण आपली ओळ घेतो, आणि जोराचा भाग आला की सगळी मुंडी हलवायला लागतात. ती मान कशी हलते, कुठल्या ठोक्यावर, मागच्या सीटवरचा किती वेळ थांबतो, हे सगळं क्लबमध्ये उभं राहून पाहिलेल्या माणसाने लावलंय. शूटमध्ये तासनतास करून नटांच्या मानांची वाट लागली होती. आणि पुढे रॉक गायक ॲलिस कूपर येतो, ज्याची मुलाखत तिने चार वर्षांपूर्वी डॉक्युमेंटरीत घेतली होती, तो स्टेजमागे या दोघांना मिलवॉकी शहराचा इतिहास सांगत बसतो आणि ही दोघं गुडघे टेकून नमस्कार घालतात. सीन विनोदी आहे, पण भक्ती खरी आहे. आपल्याकडे एखादा पोरगा नाक्यावर आवडत्या लोककलाकाराला अचानक भेटला की असाच गोंधळतो. 'स्पायनल टॅप'ला नाही म्हणताना तिला जे करायचं नव्हतं ते तिने इथेही केलं नाही, पोरांवर हसली नाही, त्यांच्याबरोबर हसली. म्हणून मी ठामपणे म्हणते की 'वेन्स वर्ल्ड' हा तिच्या डॉक्युमेंटरीच्या रांगेतलाच सिनेमा आहे.

त्याच्यानंतरचं मी तितक्या प्रेमाने सांगणार नाही. सीक्वल तिला दिला गेला नाही, तो स्टीफन सर्जिकने केला. तिला येत गेल्या त्या फक्त कॉमेड्या, 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'द लिटल रास्कल्स', १९९६ ला 'ब्लॅक शीप', १९९८ ला 'सेन्सलेस'. यात म्युझिकवेडी पोरं नाहीत, तिला जे माहीत होतं ते कुठेच नाही, आणि ते दिसतं. ही खरी अडचण, तुझ्या मित्राच्या बोलण्यात तथ्य असलंच तर एवढंच, की एकदा विनोदी सिनेमा चालला की लोक तुला तेवढ्याच खणात ठेवतात, आणि बाई असेल तर खण अजून लहान.

पण पैशाचं तिने काय केलं ते बघ ना. १९९६-९७ मध्ये तिने स्वतःच्या खिशातून तिसरा 'डिक्लाइन' केला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर झोपणारी पंक पोरं, बरीचशी घरातल्या मारहाणीतून पळालेली, स्टार व्हायचं कोणाच्या डोक्यातही नाही. पहिल्यात पोरं चिडलेली होती, दुसऱ्यात स्वप्नं बघत होती, इथे ती विचारते पाच वर्षांनी कुठे असशील, आणि पोरं शांतपणे सांगतात, मेलेलो असेन. त्यातला एक जण सिनेमा पूर्ण होईपर्यंत राहिला नाही. १९९८ मध्ये सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला त्या सिनेमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार मिळाला, थिएटरला मात्र लागला नाही, आणि त्यानंतर तिने फॉस्टर पेरेंट, म्हणजे दुसऱ्यांची मुलं तात्पुरती सांभाळणारी पालक, म्हणून नाव नोंदवून बेघर मुलं घरी सांभाळली. कुठला स्टुडिओ या सिनेमाला पैसे देणार होता? कोणीच नाही. कॉमेडीचे पैसे नसते तर ती पोरं आपल्याला दिसलीच नसती. मला तिच्या तिन्हींत हा सगळ्यात मोठा वाटतो, पहिल्याहूनही, आणि माझ्या ओळखीचे बरेच लोक यावर माझ्याशी भांडतात.

आणि तिन्हींचे हक्क तिने हातातून जाऊ दिले नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं ते सिनेमे धड मिळत नव्हते, मी पहिला पाहिला तो व्हीएचएसवरून उतरवलेल्या खराब सीडीवर. शेवटी तिच्या मुलीने मागे लागून, खोक्यांतलं सगळं बाहेर काढून, २०१५ मध्ये तिन्हींचा सेट आणला. सिनेमा आपल्या नावावर असेल तर तो वीस वर्षांनीही उठून उभा राहू शकतो. याच्या उलट तिनेच १९९९ च्या ऑझफेस्ट या मेटल बँडच्या टूरवर केलेली डॉक्युमेंटरी, तयार झाली, २००१ मध्ये दाखवली गेली, आणि गाण्यांच्या हक्कांच्या गुंत्यात नीट रिलीजच होऊ शकली नाही. तीच बाई, तोच विषय, तेवढीच मेहनत. डायरेक्टर टॉड फिलिप्सचं पण बघ, न्यूयॉर्कला फिल्म शिकत असताना त्याने जीजी ॲलिन या पंक गायकावर 'हेटेड' केला आणि नंतर 'द हँगओव्हर'वाला झाला, पण तो मागे फिरून त्या पोरांकडे गेला नाही. वाट तीच, स्फीरिस मात्र परत आली, कारण परतायला तिने स्वतःच्या नावावर काहीतरी ठेवलं होतं.

तर तुझं. सिरीज घे. पण दोन गोष्टी बोलून घे. एक, करारात असं कलम नको की त्या काळात तू दुसरं काही शूट करू शकत नाहीस किंवा तुझं जुनं फुटेज त्यांचं झालं. हे कलम छोट्या अक्षरात असतं, मी स्वतः एकदा न वाचता सही केली आणि वर्षभर माझ्याच डॉक्युमेंटरीच्या टाइमलाइनला हात लावता आला नाही. दुसरं, स्क्रिप्ट वाचताना बघ की हसू कोणावर आहे. गावाकडून आलेला, इंग्रजी न येणारा, रॅप करायला बघणारा पोरगा हाच जर सगळ्यांचा चेष्टेचा विषय असेल तर तुझे मित्र बरोबर आहेत, नको घेऊस. त्याच पोराच्या नजरेतून बाकीचे विनोदी दिसत असतील तर तुझ्याइतकं ते कोणाला जमणार नाही. आणि कॉमेडीच्या सेटवर एक कर, टेक संपल्यावर कट म्हणायला तीन सेकंद उशीर लाव, आणि नंतर टेबलावर बसून बघ नटांनी त्या तीन सेकंदांत काय केलंय.

पण सिरीजच्या आधी कागद. नव्वद तासांत जे जे चेहरे मुख्य आहेत त्यांचे रिलीज फॉर्म, म्हणजे सिनेमात दाखवायला संमती देणारे सहीचे कागद, आत्ता घे, बँड फुटायच्या आधी. आम्ही काही वर्षांपूर्वी एका बँडवर अडीच वर्षं काम केलं, सगळे जिवलग, म्हणून कागद केले नाहीत, मग गायकाचं बाकीच्यांशी बिनसलं आणि त्याने नाही म्हटलं, त्याचा तो हक्कच होता. ती फिल्म अजून माझ्याकडे तशीच आहे, ७० मिनिटांची, दाखवता येत नाही. अठराच्या आतली पोरं असतील तर आईवडिलांची सही लागेल, म्हणजे घरी जाऊन चहा पिऊन समजावून सांगावं लागेल, ते कर, त्यातच तुला दोन चांगले सीन मिळतील. गाण्यांचं वेगळं. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, आणि स्टेजवर गाणाऱ्याचा परफॉर्मर म्हणून अजून वेगळा. बँडची स्वतःची गाणी असतील तर एका बैठकीत चौघांच्या सह्यांनी काम होतं. रॅपवाल्यांनी बीट नेटवरून उचललेली असेल, किंवा कोणी कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, गायलं असेल, तर तो भाग आत्ताच एडिटिंगमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये (बिनमध्ये) काढून ठेव आणि त्याच्याशिवाय सिनेमा उभा राहतो का बघ. नंतर लॉक झालेल्या कटमधून गाणं काढणं म्हणजे भिंतीतली वीट काढण्यासारखं, मी केलंय, वरचं सगळं हलतं.

आणि तू लिहिलंयस की सगळं फुटेज एकाच हार्ड डिस्कवर आहे, खोलीतल्या कपाटात. बाकी सगळं नंतर वाच, आधी उद्या जाऊन दुसरी डिस्क घे, कॉपी कर, उघडून चार-पाच क्लिप चालतात का बघ, आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेव, शक्यतो आईकडे नाशिकला.